एक बघायला, एक जपायला, एक द्यायला

फुसाएवहिनी सलूनच्या खुर्चीत झोपतात, ही बातमी अख्ख्या बाजारगल्लीत पसरली होती. ही बातमी आहे, एवढंच फक्त त्यांच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. रोज सकाळी जिना उतरताना यासुजी कुरिमोतोंना दिसायचं, की आरशासमोरची दुसरी खुर्ची पार मागे कललेली आहे, तिच्यावर दुलई आहे आणि दुलईत बायको आहे. पण त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती, की तिला ती खुर्ची आवडते. गिऱ्हाइकं नाही का दाढीला बसल्या बसल्या घोरायला लागत! मग बायकोनंच काय घोडं मारलंय?

खरं कारण वरच्या मजल्यावर होतं. वर चटयांची एकच खोली आणि तिच्या भिंतीत अंथरुणं ठेवायचं खोल कपाट. त्या कपाटात आता अंथरुणं नव्हती. तिथे ओबोरोन राहत होता.

यासुजींच्या लहानपणी दर बुधवारी संध्याकाळी ओबोरोन टीव्हीवर यायचा. डोंगराएवढं धूड, पाठीवर शेवाळ, डोळे अर्धवट मिटलेले. बाकीचे राक्षस शहरं तुडवायचे, पूल मोडायचे. हा आपला धुक्यातून यायचा, शहराच्या कडेला बसायचा आणि जांभई द्यायचा. लोक उगाच धावपळ करायचे, रणगाडे आणायचे. शेवटी हा कंटाळून परत धुक्यात जायचा. असला आळशी राक्षस कुणाला आवडणार? कार्यक्रम लवकरच बंद पडला. पण ज्यांना आवडला त्यांना तो असा आवडला, की पुढे तीस-चाळीस वर्षांनी कंपनीनं त्याची रबरी खेळणी परत काढली तेव्हा टक्कल पडलेले पुरुष दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले.

यासुजी त्या दिवशी निप्पोनबाशीला कात्र्यांना धार लावायला गेले होते. वाटेत एगुसा नावाच्या माणसाचं खेळण्यांचं दुकान. काचेत ओबोरोन बसलेला. डब्याच्या कोपऱ्यावर कंपनीच्या परवान्याचा चंदेरी शिक्का, नखाएवढा. तो शिक्का असला की माल खरा, नसला की नकली. यासुजी काचेला नाक लावून किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. कात्र्या तिथेच पायरीवर विसरून आले.

एगुसा बोलायला भारी कंजूष माणूस. त्यानं यासुजींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "शौकीन माणूस तीन घेतो. एक बघायला, एक जपायला, एक द्यायला."

"द्यायला? कुणाला?"

"ज्याला अजून वेड लागलेलं नाही, त्याला. म्हणजे त्यालाही लागतं."

खेळणी जमवणारी मंडळी हे वाक्य अर्धं हसत, अर्धं खरं मानत बोलतात. पण यासुजी पडले न्हावी. आधी गरम टॉवेल, मग फेस, मग वस्तरा. एखादी गोष्ट क्रमानं सांगितली की ती ते क्रमानंच करणार. त्या दिवसापासून जे घेतलं ते तीन तीन. हिरवा ओबोरोन तीन, चांदण्यात चमकणारा तीन, जांभई देणारा तीन, आईच्या कुशीतला पिल्लू ओबोरोन तीन.

कपाट भरलं तशी अंथरुणं बाहेर आली. अंथरुणं बाहेर आली तशी चटई आक्रसली. मग डबे चटईवर आले. यासुजी दोन थप्प्यांच्या मधल्या फटीत कुशीवर झोपायला शिकले. फुसाएवहिनींची कूस जरा रुंद. त्यांनी एक दिवस दुलई उचलली आणि जिना उतरल्या. बस्स. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण झालं असतं तर गल्लीला निदान ऐकायला तरी मिळालं असतं.

थंडीची चाहूल लागली आणि वहिनींची मान आखडली. डावीकडे वळेना. भाजीवाल्या मासायोकाकूंच्या दुकानाशी त्या उभ्या राहिल्या की अख्ख्या अंगानंच वळायच्या, तोफेसारख्या.

"वहिनी, मुळा इकडे आहे," मासायोकाकू म्हणायच्या. "थांबा, मीच येते समोर. तुम्ही फिरेपर्यंत मुळ्याला पानं फुटतील."

त्याच सुमाराला काइनानहून वहिनींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची संत्र्यांची बाग. तोडणीला हात कमी पडत होते. वहिनींनी बॅग भरली, पायात बूट चढवले आणि दुकानाच्या दारात उभ्या राहून, मान न वळवता, म्हणाल्या,

"बाबा, मी निघाले."

मुलगी जन्मली तेव्हापासून दोघं एकमेकांना बाबा आणि आई म्हणत. मुलगी लग्न होऊन नागोयाला गेली, तरी ती नावं घरातच राहिली.

"कधी येशील आई?" यासुजी एका गालाला फेस लावत होते.

"संत्री संपली की. येईन आणि वर जाऊन बघेन. पाय पसरून झोपण्याइतकी चटई मोकळी दिसली तर राहीन."

"आणि नाही दिसली तर?"

"तर बहिणीकडे चटई पुष्कळ आहे."

फेसातलं गिऱ्हाईक श्वास रोखून बसलं होतं. यासुजींनी वस्तरा उचलला आणि परत खाली ठेवला. कारण एक गोष्ट वहिनींना ठाऊक नव्हती. वर्षअखेरीला ओबोरोनची सगळ्यात मोठी मूर्ती येणार होती. बसलेली, लहान पोराएवढी उंच. यासुजींनी उन्हाळ्यातच एगुसाकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. एका मूर्तीसाठी नव्हे. तीन मूर्तींसाठी.

ते एकेक खोकं म्हणजे एकेक चटई अडलेली.

दुसऱ्या दिवसापासून यासुजींनी एक उपाय काढला. तिसरी खेळणी द्यायलाच तर घेतली होती! इतक्या वर्षांत त्यातलं एकही दिलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता कुठे लक्षात आलं. योग्य माणूस भेटला नाही म्हणून राहून गेलं, एवढंच. आता शोधू. त्यांनी दुकानात एक पाटी लावली: 'केस कापून घेणाऱ्यास ओबोरोन भेट.'

गिऱ्हाइकं आली. पण पाटीवर नव्हतं ते यासुजींच्या तोंडात होतं.

"तुम्हाला ओबोरोन कधीपासून आवडतो?"

"आत्तापासून," पहिला म्हणाला.

"कुठल्या भागात तो समुद्रकाठी बसतो?"

"... शेवटच्या?"

यासुजींनी डबा हळूच परत शेल्फावर ठेवला. दुसरा म्हणाला, नातवाला देईन, तो दात शिवशिवले की काहीही चावतो. तो डबाही परत गेला. तिसऱ्यानं डब्यावरचा चंदेरी शिक्का बोटानं खरवडून पाहिला. त्याची हजामत यासुजींनी एक शब्द न बोलता उरकली.

मासायोकाकू दारात कोबी घेऊन उभ्या. "मालक, खेळणं देताय की मुलगी देताय? मुलाचं घराणं विचारलंत, पगार तेवढा राहिला."

"तुम्हाला नाही कळायचं, काकू."

"मला कळतंय. घरातनं बायको गेली, राक्षस एकही जाईना."

संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलात का, बाबा?"

"बटाट्याची कटलेटं आणली कोपऱ्यावरून. तू?"

"इथे मी कशी झोपते माहितीये? चारही हातपाय चार दिशांना टाकून. बहीण म्हणते, समुद्रातला तारामासा आलाय घरी." मग जरा थांबून, "मान सुटतेय."

ही आनंदाची बातमी होती. पण ती ऐकून यासुजींनी हातातलं कटलेट खाली ठेवलं. तिकडे तिला बरं वाटत होतं.

पाटी लावून बरेच दिवस झाले. डबे होते तिथेच. एका ढगाळ दुपारी मासायोकाकू गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून, आपल्या घरचीच असल्यासारखं, यासुजींचा चहा पीत होत्या.

"ते तिसरं, द्यायचं, ठेवा बाजूला. दुसरं जपायचं, तेही समजलं. पण मालक, ते पहिलं बघायचं ना? मग दाखवा की एक. मी कधी बघितलाच नाही तुमचा हा लाडका. डबेच डबे बघते."

"दाखवतो," यासुजी म्हणाले आणि जिना चढले.

वर गेले आणि तिथेच थांबले. पहिल्या थप्पीतला वरचा डबा काढला. चिकटपट्टी तशीच. दुसरा काढला. चंदेरी शिक्का शाबूत. तिसरा, मग खालचा, मग कपाटातला मागचा. सगळे बंद. बघायला म्हणून घेतलेले पहिले, जपायला म्हणून घेतलेले दुसरे, द्यायला म्हणून घेतलेले तिसरे, सगळे सारखेच बंद. कुठला पहिला आणि कुठला तिसरा, ते ओळखायचीही सोय नव्हती. घरी आणला की रात्री उघडू, असं ते सुरुवातीला ठरवायचे, हे नक्की आठवत होतं. आठवत नव्हतं ते एवढंच, की ठरवायचं कधी थांबलं. पुढचं यायच्या आत मागचं उचलून ठेवायला हवं, अशी घाई कधीतरी लागली होती. त्या घाईत बघणं राहून गेलं.

खाली मासायोकाकू हाका मारून थकल्या आणि मुळ्यांकडे निघून गेल्या.

यासुजी खाली आले, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा दोनदा ओढला आणि तो घेऊन परत वर गेले. जांभई देणारा ओबोरोन मांडीवर घेतला. शिक्का डब्याच्या झाकणावरच चिकटवलेला होता. तो फाटला की वस्तूची किंमत अर्धी होते, असं ही मंडळी मानतात. आयुष्यभर माणसांचे गाल न कापता वस्तरा फिरवलेला हात. त्या हातानं आता शिक्क्याची कड शोधली. मग चंदेरी कागद दोन भागांत उलगडला. आवाजसुद्धा झाला नाही.

आत कोऱ्या रबराचा वास होता. गोडसर, जरा औषधी. त्या वासाबरोबर खोलीतल्या थप्प्या मागे सरकल्यासारख्या झाल्या. यासुजी आठ वर्षांचे होते. सार्वजनिक स्नानगृहातून नुकतेच आलेले, कानात पाणी, मानेवर गरम वाफ. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर सगळी गल्ली मांडी घालून बसलेली, कुणी कुणाच्या पाठीला टेकलेलं. पडद्यावर नुसतं धुकं. बराच वेळ नुसतं धुकं. कुणीतरी म्हणतंय, बिघडला वाटतं. आणि मग त्या पांढऱ्यात एक मोठी, संथ सावली. ती जवळ येते, की आपणच तिच्याकडे चाललोय, ते कळेना. डोळे मिटायला लागतात. आईच्या मांडीवर डोकं. ओबोरोन जांभई देतो आणि ती जांभई सगळ्या खोलीत पसरत जाते, एकेकाच्या तोंडातून, हलक्या पायानं.

यासुजींनी मांडीवरच्या ओबोरोनकडे पाहिलं. जबड्याच्या आत, जिथे कुणाची नजरही जात नाही, तिथे फिकट गुलाबी रंगाचा एक हात दिला होता. त्याच्या टोकाला आणखी फिकट. कुणीतरी बसून, वेळ घेऊन हे केलं होतं. ते गुलाबी पुसट होत नाहीसं कुठे होतं, ते शोधता शोधता खोलीत अंधारून आलं. खाली कुणीतरी दाढीसाठी वाट बघून गेलं. पुढे मासायोकाकूंनी ते सगळ्यांना सांगितलं: आमच्या मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक घालवलं.

दुसऱ्या दिवशी ओबोरोन आरशासमोरच्या फळीवर, पावडर आणि कंगव्यांच्या मधे बसला. आरशात दुसरा ओबोरोन. दोघंही जांभई देत.

ट्रामचे निवृत्त चालक तोमोबे दाढीला आले. तोंडावर गरम टॉवेल पडला की यांची समाधी लागते, हे नेहमीचंच. टॉवेल काढला, फेस झाला, वस्तरा झाला, तरी म्हातारा जागा होईना. जागा झाला तेव्हा आरशात बघत बसला.

"तोमोबेसान, झालं."

"थांबा जरा. अजून उतरायचंय."

"कुठून?"

"ट्राममधून. सुमियोशीच्या देवळाशी धुकं होतं हो. पुढचं काही दिसेना. घंटी वाजवली तर रुळावर हा बसलेला." म्हाताऱ्यानं फळीकडे बोट केलं. "सरक म्हटलं, सरकेना. मग मीच ट्राम थांबवली. उतारूंना म्हटलं, बसा निवांत. कुणी काही बोललंच नाही बघा. एकानं संत्रं सोललं. काय वास आला संत्र्याचा! इतकी वर्षं ट्राम चालवली, मधेच अशी कधी थांबवली नाही."

यासुजींनी कुठला भाग, कुठला समुद्र, काही विचारलं नाही. फळीवरचा ओबोरोन उचलला आणि तोमोबेंच्या हातात दिला.

"हे काय? मला? मी काय खेळतोय आता?"

"खेळू नका. नुसतं बघा."

म्हातारा ओबोरोनला कोटाच्या आत घालून, वर बटण लावून गेला. यासुजींना वाटलं होतं, आत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी वरून दुसरा आणला, उघडला, फळीवर ठेवला. जो त्याच्याकडे दुपारपर्यंत बघत बसला त्याला तो मिळाला. मग तिसरा. जो बघत नसे त्याला मिळत नसे, पण त्यात परीक्षा नव्हती. खुर्चीत बसलेल्याची नजर आरशात कुठे रेंगाळते ते न्हाव्याला दिसतंच. फळांच्या दुकानात एक ओबोरोन वजनकाट्याशेजारी बसला. चपला शिवणाऱ्याकडे एक. मासायोकाकूंनी, "मला नको हं असला अवतार," म्हणत एक नेला आणि मुळ्यांच्या ढिगावर ठेवला. आता त्या मुळा निवडताना त्याच्याशी बोलतात.

कपाटाचा तळ दिसायला लागला. पण खरी अडचण अजून निप्पोनबाशीला होती.

नाव नोंदवून माघार घेणं म्हणजे त्या जगात तोंड दाखवायला जागा न उरणं. फोनवर सांगायची हिंमत यासुजींना नव्हती. त्यांनी घेवड्याच्या गोड वड्यांचा उत्तम डबा घेतला, कापडात बांधला, कोट घातला आणि माफी मागायला जातात तसे गेले.

एगुसानं कापडातला डबा पाहिला आणि सगळं ओळखलं. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. ते वर्षअखेरीचं... तीन नकोत."

"चार?"

"एक."

एगुसानं चष्मा काढून पुसला. "एकच? कुठलं? बघायचं, जपायचं की द्यायचं?"

यासुजींनी येताना ट्राममध्ये बरंच बोलणं जुळवलं होतं. कपाट, चटई, बायकोची मान. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "बघायचं," ते म्हणाले. "आणि पुढच्या वसंतातलं जे येणार आहे, त्यात माझं नाव नका लिहू. मागचं बघून झालं नाही अजून. झालं की येईन."

"लवकर व्हायचं नाही ते."

"नाहीच."

एगुसानं चष्मा परत चढवला. मग त्यानं गोडाचा डबा उघडला, एक तुकडा यासुजींपुढे सरकवला, एक स्वतः घेतला. "उरलेल्या दोन्हींसाठी आत्ताच माणसं मिळतील," तो म्हणाला. "तुम्ही मिळायचा नाहीत, कुरिमोतोसान. अधूनमधून येत जा. घेऊ नका. नुसते या." एवढं लांबलचक तो त्या वर्षात दुसऱ्या कुणाशी बोलला असेल असं वाटत नाही.

फुसाएवहिनी आल्या त्या भर दुपारी, संत्र्यांची पेटी ओढत. अख्खी गल्ली कामं टाकून कामं करायचं नाटक करत होती. वहिनींनी डावीकडे मान वळवून मासायोकाकूंना नमस्कार केला.

"अगं बाई, वळली!" मासायोकाकू ओरडल्या.

"वळली. आणि हा कोण मुळ्यांवर?"

"वर जाऊन बघा. याचे भाऊबंद कमी झालेत."

यासुजी दारात हात पुसत उभे. वहिनींनी बूट काढले आणि जिना चढल्या. यासुजी मागून, दोन पायऱ्या सोडून.

खोली रिकामी नव्हती. रिकामी होती असं कुणी सांगेल तर थाप. भिंतीला लागून एक थप्पी होती, कपाटाचा एक खण अजून भरलेला होता. खिडकीशी, डब्याबाहेर, नवा मोठा ओबोरोन बसला होता आणि हिवाळ्यातलं मऊ ऊन त्याच्या शेवाळलेल्या पाठीवर पडलं होतं. पण कपाटाच्या वरच्या खणात अंथरुणं घडी घालून ठेवली होती आणि मधे चटई होती. फुसाएवहिनींनी गादी काढली, पसरली आणि कोटासकट आडव्या झाल्या. हात लांब केले. पाय लांब केले. डावा पाय ओबोरोनच्या पोटाला लागला.

यासुजी एक पाऊल पुढे झाले.

"याला जरा तिकडे घ्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात सरकवलं. मऊ कुरकुर झाली. वहिनींचा पाय पूर्ण लांब झाला, बोटं ताणली गेली. त्या छताकडे बघत राहिल्या.

"इतकी वर्षं हा घरात आहे. मी कधी विचारलंच नाही. करतो काय हा?"

"काही नाही करत."

"म्हणजे?"

"म्हणजे धुकं असतं आधी," यासुजी उशाशी बसत म्हणाले. "पहिल्या भागात कोबेच्या बंदरावर धुकं येतं. बोटी भोंगे वाजवतात. कुणाला कुणी दिसत नाही. एक कोळी असतो, तो म्हणतो, मला पाण्याखाली काहीतरी श्वास घेताना ऐकू येतंय..."

"मग?"

"मग सगळे ऐकतात. भोंगे बंद होतात. सगळं बंदर गप्प होतं आणि ऐकू येतो तो नुसता श्वास. येतोय, जातोय. येतोय..."

खालून मासायोकाकूंनी हाक मारली, "मालक, गिऱ्हाईक आलंय!" यासुजींनी हातानंच, कुणाला न दिसणारी, थांब म्हणून खूण केली. वहिनींचा श्वास लांब झाला होता. कोळी अजून होडीतसुद्धा चढला नव्हता. यासुजींनी आवाज आणखी खाली उतरवला आणि पुढचं सांगत राहिले.